दर एकवीस दिवसांनी



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी तालुक्याच्या गावी राहून आयुष्यभर लोकांना औषध दिले. त्यांच्या पिढीतल्या डॉक्टरच्या पेटीत पेनिसिलीनची कुपी असे, धनुर्वाताची लस असे, आणि घटसर्पाच्या सीरमसाठी जिल्ह्याच्या गावी माणूस धाडावा लागे. आज छाती न उघडता हृदयाची झडप बदलता येते. अशा काळात या जुन्या वस्तूंवर तासभर काय बोलायचे, असे कुणाला वाटेल. मला बोलावेसे वाटते, कारण या वस्तूंनी ज्या रोगांना आवर घातला ते रोग संपलेले नाहीत. ते आजही माणसे मारतात, आणि जिथे मारतात तिथे औषध शोधायचे राहिले आहे अशी स्थिती नाही. औषध कधीच सापडले आहे, स्वस्त आहे. ते वेळेवर आणि पुन्हा पुन्हा पोचत नाही. आजचे माझे सगळे म्हणणे याभोवती आहे.

ज्या जंतूंबद्दल मी बोलणार आहे त्यांची ओळख एका रंगापासून झाली. १८८४ साली हान्स क्रिस्टियन ग्राम हा डेन्मार्कचा तरुण डॉक्टर बर्लिनला कार्ल फ्रीडलेंडर यांच्या हाताखाली काम करत होता. जागा होती तिथल्या शहर रुग्णालयाचे शवागार. न्यूमोनियाने दगावलेल्या माणसांच्या फुप्फुसाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की सगळेच एका रंगाचे दिसे; जंतू कोणते आणि पेशी कोणत्या ते कळत नसे. जंतू उठून दिसावेत एवढीच ग्राम यांची खटपट होती. त्यांनी कापावर जांभळा रंग चढवला, त्यावर आयोडिनचे पाणी टाकले आणि मग अल्कोहोलने धुतले. पेशींचा रंग उतरला, जंतूंचा राहिला. मात्र काही जंतूंचाही रंग उतरला. ग्राम यांना तो आपल्या पद्धतीतला दोष वाटला, आणि ही पद्धत अपुरी आहे असे त्यांनी आपल्या निबंधात मोकळेपणाने लिहून टाकले. पुढे उमगले ते असे की ज्याला ते दोष समजत होते तोच त्यांचा मोठा शोध होता. जांभळा रंग धरून ठेवणारे ते ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि सोडून देणारे ते ग्रॅम-निगेटिव्ह, अशी जंतूंच्या जगाची विभागणी त्या शवागारात झाली. आज कुठल्याही जिल्हा रुग्णालयात मेंदूज्वराच्या रोग्याच्या पाठीतल्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन हीच कृती करतात. काही मिनिटांत डॉक्टरला कळते की शत्रू कोणत्या घराण्यातला आहे. एकशेचाळीस वर्षांत वैद्यकातले किती काय बदलले, ही कृती जवळजवळ तशीच राहिली.

रंग टिकतो तो जंतूच्या भिंतीमुळे. ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूभोवती पेप्टिडोग्लायकन नावाच्या द्रव्याचे जाड आवरण असते. अनेक पदर एकावर एक टाचून शिवलेली गोधडी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे त्याची कल्पना येईल. अल्कोहोलने हे आवरण आक्रसते आणि रंग आत अडकतो. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूचे हे आवरण पातळ असते, शिवाय त्यावर चरबीयुक्त असे आणखी एक बाहेरचे पटल असते. पेनिसिलीन नेमके या आवरणाचे धागे एकमेकांत गुंतवण्याचे काम थांबवते. जंतू वाढू पाहतो, भिंत कच्ची राहते आणि तो फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नाही, म्हणून ते औषध जंतूला मारते आणि आपल्याला सोडते. जांभळ्या घराण्याला ते विशेष लागू पडते, कारण त्यांच्या भिंतीपर्यंत पोचायला वाटेत बाहेरचे पटल आडवे येत नाही.

या घराण्यात कोण कोण आहे ते थोडक्यात सांगतो. गळवे, फोड आणि शस्त्रक्रियेनंतर चिघळणाऱ्या जखमा यांच्यामागचा स्टॅफिलोकॉकस. घसा आणि कातडी धरणारा स्ट्रेप्टोकॉकस. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणारा न्यूमोकॉकस. घटसर्पाचा जंतू, धनुर्वाताचा जंतू, जनावरांकडून माणसाकडे येणारा काळपुळीचा म्हणजे अँथ्रॅक्सचा जंतू. नीट न टिकवलेल्या डबाबंद अन्नात वाढून माणसाचे स्नायू लुळे पाडणारा बोट्युलिझमचा जंतू. जास्त प्रतिजैविके घेतल्यावर आतड्यात माजून जुलाब लावणारा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. प्रत्येकावर एकेक व्याख्यान होईल. मी तीनच रोगांजवळ थांबणार आहे: धनुर्वात, घटसर्प, आणि घशातून हृदयात उतरणारा एक रोग, ज्याचे नाव आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो, जनावरांच्या आतड्यात आणि शेणात राहतो. प्रतिकूल काळात तो स्वतःभोवती कवच करून बीजाणू बनतो. असे बीजाणू वर्षानुवर्षे टिकतात, साध्या उकळण्याने ते मरतील असा भरवसा धरता येत नाही. हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत ते पुन्हा जागे होतात. गंमत म्हणावी तर भीषण आहे: जंतू जखमेबाहेर फारसा जातच नाही. जाते त्याचे विष. ते मज्जातंतूंच्या वाटेने वर चढते आणि स्नायू सैल सोडण्याचा जो संदेश असतो तोच बंद पाडते. जबडा आवळतो, पाठ कमानीसारखी ताणते, दार वाजले तरी झटका येतो. आणि रोगी शुद्धीवर असतो. ज्याने असा रोगी पाहिला आहे त्याला तो विसरता येत नाही.

या रोगाच्या इतिहासातले एक पान मुंबईशी जोडलेले आहे, आणि ते पुरेसे सांगितले गेलेले नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी इथे त्यावर लस तयार केली, पहिल्यांदा ती स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये लस तयार करण्याची प्रयोगशाळा उभी केली. प्लेगचा जंतू ग्रॅम-निगेटिव्ह. त्याची कथा वेगळी. पण ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना मुंबईहून गेलेली ही लस टोचली, आणि त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. एकोणिसांनाही एकाच बाटलीतली लस मिळाली होती. चौकशी बसली. बाटली मुंबईतच दूषित झाली असा ठपका आला. हाफकिन यांनी निर्जंतुक करण्याची रीत बदलली होती, तेही त्यांच्याविरुद्ध धरले गेले. त्यांना काम सोडून जावे लागले.

मग हळूहळू पुरावा तपासला गेला. बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो त्याने नीट निर्जंतुक न करता बुचाला लावला. टोचणाऱ्या डॉक्टरांनी बाटली उघडल्यावर तिला वास नव्हता असे सांगितले होते. धनुर्वाताचा जंतू बाटलीत आठवडे आठवडे वाढत असता तर घाण वास सुटल्यावाचून राहिला नसता. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने कागदपत्रे पाहिली. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०७ साली द टाइम्स या दैनिकात पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचे जाहीरपणे मांडले. त्यानंतर हाफकिन भारतात परतले; पण त्यांना कलकत्त्याला नेमले गेले, मुंबईची प्रयोगशाळा पुन्हा मिळाली नाही. परळच्या त्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले ते १९२५ साली.

हे मी एवढ्या तपशिलाने सांगितले ते केवळ अन्यायाची गोष्ट म्हणून नाही. मातीला लागलेला एक चिमटा, त्यावरचे डोळ्यांना न दिसणारे बीजाणू, आणि एकोणीस माणसे. ज्या काळात ज्या विळ्याने गवत कापले त्याच विळ्याने नाळ कापायची, आणि तिच्यावर राख किंवा शेण लावायचे, त्या काळात घराघरांत मुलकोवाल घडत होते. जन्मल्यापासून आठवड्याभरात मूल दूध ओढेनासे होई, आखडे आणि जाई. घरात कुणाला दोष लागत नसे, कुणी चौकशी करत नसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने १९८८ साली जगात ७ लाख ८७ हजार नवजात बाळे धनुर्वाताने मेली.

ही संख्या खाली आली ती गरोदर बाईला दिलेल्या लसीने आणि स्वच्छ बाळंतपणाने. आईला टोचले की तिच्या रक्तातली प्रतिपिंडे नाळेतून बाळाला मिळतात. नवे पाते, नवा दोरा, स्वच्छ हात, स्वच्छ जागा, हे सुईणींना शिकवले गेले. पुढे बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. या यशात नर्स, एएनएम, आशा यांचे पाय झिजले आहेत. त्याचा सोहळा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, असे मला मनापासून वाटते. पण एक ध्यानात ठेवा. देवी रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला, धनुर्वात तसा कधीच होणार नाही. त्याचे घर माती आहे. लस थांबली की तो परत येईल.

धनुर्वातावरचे सीरम घोड्याच्या रक्तापासून तयार करतात. घोड्याला थोडे थोडे विष टोचत नेले की त्याचे रक्त ते विष निष्प्रभ करायला शिकते. पुण्यातल्या पूनावाला कुटुंबाच्या अश्वपालन फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला सीरमसाठी दिले जात. तिथूनच आपणच सीरम तयार करावे ही कल्पना निघाली आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. धनुर्वातविरोधी सीरम हे तिच्या पहिल्या कामांपैकी एक. आज ती जगातली सर्वांत जास्त लसमात्रा बनवणारी संस्था आहे. न्यूमोकॉकसवरची न्यूमोसिल ही तिची लस २०२० च्या अखेरीस आली, आणि २०२१ पासून न्यूमोकॉकसची लस देशभरातल्या सरकारी लसीकरणात बाळांना मोफत मिळते. खासगी दवाखान्यात हजारो रुपये पडणारी ही लस गरिबाच्या मुलाला मिळू लागली, ही अलीकडच्या वर्षांतली मोठीच गोष्ट आहे.

आता घटसर्प. घोड्याच्या सीरमाचा जन्मच या रोगासाठी झाला. १८८४ साली फ्रीडरिश लोफ्लर यांनी त्याचा जंतू वेगळा काढला. त्यांना एक कोडे पडले: जंतू फक्त घशात सापडतात, मग हृदय आणि मज्जातंतू का बिघडतात? १८८८ साली पॅरिसला एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सां यांनी जंतू गाळून काढलेला नुसता रस प्राण्यांना टोचला आणि प्राणी मेले. मारणारे होते ते विष. १८९० साली एमिल बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी बर्लिनला दाखवले की विष पचवलेल्या प्राण्याच्या रक्ताने दुसऱ्या प्राण्याचा बचाव होतो. वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली बेहरिंग यांना मिळाले ते यासाठी.

पुढे १९५१ साली आणखी एक चकित करणारी गोष्ट कळली. हे विष बनवण्याची कृती मुळात जंतूची नाहीच. जंतूच्या पोटात शिरलेला एक विषाणू ती बरोबर आणतो. विषाणू नसलेला जंतू घशात राहिला तरी घटसर्पाचे ते विष त्याला बनवता येत नाही. आणि ते विष किती जहाल, तर त्याचा एकच रेणू पेशीच्या आत पोचला तर पेशीतली प्रथिने बनवण्याची यंत्रणा बंद पडून ती मरते. घशात राखाडी, चिवट पापुद्रा धरतो. तो खरवडायला जावे तर रक्त येते. श्वास कोंडतो. ज्याचा श्वास वाचला त्याचे हृदय दुसऱ्या आठवड्यात दगा देऊ शकते. मूल बरे वाटून उठून बसले आणि एकाएकी गेले, असे जुन्या डॉक्टरांनी पाहिलेले आहे.

घटसर्प गेला असे आपण धरून चाललो आणि ते चुकले. गेली अनेक वर्षे जगात नोंदल्या जाणाऱ्या घटसर्पाच्या रोग्यांत भारताचा वाटा मोठा राहिला आहे. रोग्यांचे वयही सरकले आहे: पूर्वी तान्ही मुले, आता पाच वर्षांवरची मुले, किशोर आणि मोठी माणसे. कारण उघड आहे. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांला पेंटाव्हॅलंट लस मिळते, कारण तेव्हा आई दवाखान्यात जात असते आणि आशाताई घरी येत असते. दीड वर्षाच्या सुमारासचा आणि पाच वर्षांचा बूस्टर अनेक घरांत राहून जातो. दहा आणि सोळा वर्षांचा तर कित्येक आईबापांना ठाऊकच नसतो. पूर्वी या वयात नुसती धनुर्वाताची टीटी दिली जाई. आता तिच्या जागी टीडी आली आहे, तिच्यात घटसर्पाचाही भाग आहे. प्रतिकारशक्ती वर्षांमागून वर्षे ओसरते, ती मधूनमधून जागवावी लागते. रोग झालाच तर सीरम लागते, आणि ते पहिल्या दिवसांतच द्यावे लागते. एकदा विष पेशीत शिरले की सीरम तिथे पोचत नाही. जगात हे सीरम बनवणारे कारखाने आता मोजकेच उरले आहेत. श्रीमंत देशांत रोगी नाहीत, त्यामुळे ते बनवण्यात कुणाला पैसा दिसत नाही.

आता ज्या रोगासाठी मी आज इथे उभा आहे, त्याकडे येतो.

स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस हा साखळीने राहणारा गोल जंतू. एकोणिसाव्या शतकात बाळंतिणींना जो सूतिकाज्वर येई त्यामागे बहुतेक वेळा हाच असे. व्हिएन्नाच्या इस्पितळात डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतपण करत. त्यांच्या विभागात बाया भराभर मरत; सुईणींच्या विभागात कमी मरत. १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि एप्रिलमध्ये अठरा टक्क्यांवर असलेले मृत्यू जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आले. त्यांचे कुणी ऐकले नाही. १८६५ साली ते वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळून मेले. १८७९ साली पॅरिसच्या सभेत हा रोग कशाने होतो याची चर्चा चालली असताना लुई पाश्चर यांनी फळ्यावर गोल मण्यांची साखळी काढून दाखवली. तीच ही.

हाच जंतू मुलांचा घसा धरतो. घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंची असते आणि आपोआप बरी होते. मुलांत शंभरातल्या वीस-तीस वेळा ती या जंतूची असते. ताप, गिळताना दुखणे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, आणि खोकला-सर्दी नसणे, या खुणांवरून संशय घ्यावा. चार-पाच दिवसांत घसा बरा होतो, घरातले विसरून जातात. दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या मुलाचा गुडघा सुजतो, मग तो उतरून घोटा सुजतो, मग मनगट. ताप येतो. याला रुमॅटिक फीवर म्हणतात. झाले असे असते की जंतूच्या अंगावरच्या प्रथिनाशी लढायला शरीराने जी शस्त्रे तयार केली, ती आपल्याच हृदयाच्या ऊतींवर चालतात, कारण दोन्हींत साम्य आहे. सांधे पूर्ववत होतात. हृदयाची डावीकडची मायट्रल झडप पुष्कळदा होत नाही. पाच ते पंधरा हे या रोगाचे वय. दाटीच्या खोल्या, एका अंथरुणात तीन-चार मुले, दवाखाना दूर: असा त्याचा पत्ता आहे.

झडप सुजते, जाड होते, आकसते. हे वर्षानुवर्षे चालते आणि बाहेर काही दिसत नाही. मग मुलगी वयात येते, लग्न होते, दिवस जातात. गरोदरपणात शरीरातले रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते, आणि आकसलेल्या झडपेतून ते पुढे सरकत नाही. रात्री उताणे झोपले की दम कोंडतो. कितीतरी बायकांना आपल्या हृदयाचा रोग पहिल्यांदा कळतो तो बाळंतपणाच्या वॉर्डात. सासरी मग विचारणा होते की माहेरच्यांनी हे लपवले का. माहेरच्यांना ठाऊकच नव्हते; दहा वर्षांपूर्वी पोरीचा गुडघा सुजला होता, तेल लावून शेकला होता, एवढेच त्यांना आठवते. या बाईवर आलेला आळ मला या रोगातली सर्वांत क्रूर गोष्ट वाटते.

जगात साडेपाच कोटींच्या आसपास माणसे या हृदयरोगाने ग्रासलेली आहेत आणि दरवर्षी साडेतीन लाखांहून अधिक मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. मरणारी बहुतेक माणसे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली आहेत. झडप फुग्याने उघडता येते. जपानच्या कांजी इनोए यांनी १९८४ साली ती पद्धत जगापुढे मांडली आणि आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत ती रोज होते. झडप बदलताही येते. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत एम. एस. वलियातन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली चित्रा झडप १९९० साली पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली आणि परदेशी झडपेच्या किमतीपुढे हतबल झालेल्या हजारो कुटुंबांना तिने आधार दिला. पण धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर, आणि तिच्यासाठी वारंवार रक्ततपासणी. कोकणातल्या किंवा मेळघाटातल्या बाईने ही तपासणी कुठे जाऊन करायची?

म्हणून सगळे लक्ष झडप बिघडण्यापूर्वी असायला हवे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वायोमिंगमधल्या वॉरन या लष्करी तळावर हे पक्के सिद्ध झाले: घसा धरलेल्या जवानांना वेळेवर पेनिसिलीन दिले तर रुमॅटिक फीवर होत नाही. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांपर्यंत औषध सुरू केले तरी चालते. एवढी सवलत फार थोडे रोग देतात. आणि ज्याला एकदा रुमॅटिक फीवर झाला त्याला तो पुन्हा होऊ नये, कारण प्रत्येक झटका झडपेला आणखी खातो. त्यासाठी बेंझाथिन पेनिसिलीन. बारा लाख युनिटचे इंजेक्शन कुल्ल्यात द्यायचे, लहान मुलाला सहा लाख, दर एकवीस दिवसांनी. ते स्नायूतून हळूहळू रक्तात उतरत राहते. हृदयाला धक्का पोचला असेल तर निदान वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत किंवा दहा वर्षे, यांतले जे जास्त ते. झडप फार बिघडली असेल तर चाळिशीपर्यंत, कधी जन्मभर.

या जांभळ्या घराण्याविषयीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्टॅफिलोकॉकसने पेनिसिलीनला चाळिशीच्या दशकातच दाद देणे सोडले. त्यावर काढलेल्या मेथिसिलिनलाही त्याने १९६१ च्या आत तोंड दिले, आणि आज मोठमोठ्या आयसीयूंची तो झोप उडवतो. पण स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस? ऐंशी वर्षे पेनिसिलीन वापरूनही त्याला पूर्णपणे न जुमानणारा असा जंतू आजवर रोग्यांत सापडलेला नाही. औषध जसेच्या तसे चालते. तरी आपल्याकडे कुणाचाही घसा दुखला की अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी मेडिकलमधून सांगून घेतली जाते. ज्याला काही नको होते त्याला औषध मिळते, आणि ज्या मुलाला दहा दिवस पेनिसिलीन हवे होते त्यालाही तीनच गोळ्या मिळतात. दोघांचेही नुकसान.

पेनिसिलीनच्या जन्मकथेतच पुरवठ्याची गोष्ट आहे. १९२८ साली लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीभोवतीचे स्टॅफिलोकॉकस मरताना दिसले. ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ते औषध शुद्ध केले, आणि १२ फेब्रुवारी १९४१ रोजी अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला दिले. स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकसने त्याचा चेहरा सडवला होता, एक डोळा गेला होता. काही दिवसांत ताप उतरला, तो जेवू लागला. मग औषध संपले. त्याच्या लघवीतून परत काढून त्यालाच पुन्हा दिले, तेही संपले. १५ मार्चला तो गेला. औषध लागू पडते हे सिद्ध झाले होते, आणि माणूस ते अपुरे पडल्याने मेला.

स्वतंत्र भारताने हा धडा घेतला होता. १९५४ साली पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पुण्याची मंडळी तिला एच.ए. कंपनी म्हणतात, तिच्या वसाहतीत वाढलेले कित्येक जण आज या सभागृहात असतील. दरिद्री देशाने हे औषध भीक मागून नव्हे, स्वतः करून लोकांना द्यायचे ठरवले होते. पुढे चीनचे पेनिसिलीन इतके स्वस्त येऊ लागले की इथले कारखाने बंद पडले, आणि ज्या रेणूवर अनेक प्रतिजैविके बेतली जातात तो रेणू आपण बाहेरून आणू लागलो. २०२४ साली आंध्रात काकीनाडाजवळ सुमारे तीन दशकांनी पेनिसिलीन-जी पुन्हा देशात बनू लागले. मला त्याचा आनंद आहे. पण बेंझाथिन पेनिसिलीन हे स्वस्त औषध, नफा कमी, म्हणून जगभर त्याचा तुटवडा पुन्हा पुन्हा होतो. मेडिकलमध्ये मिळत नाही, सरकारी दवाखान्यात 'पुढच्या आठवड्यात या' सांगतात, आणि एकवीस दिवसांचे चाळीस होतात.

दुसरी अडचण भीतीची आहे. पेनिसिलीनची तीव्र अॅलर्जी असते, ती खरी आहे; तिच्यासाठी तयारी ठेवावीच लागते. पण ती क्वचित होते, आणि ज्यांच्या केसपेपरवर 'पेनिसिलीन अॅलर्जी' लिहिलेले असते त्यांतल्या बहुतेकांना तपासले तर ती नसते. एखाद्या अपघाताची बातमी येते आणि पूर्ण तालुक्यातले डॉक्टर हे इंजेक्शन द्यायचे थांबतात. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. एकट्या डॉक्टरवर जमाव चालून येतो, हे वास्तव आहे. म्हणून हे इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रात, अॅड्रिनॅलिनची कुपी शेजारी ठेवून, ठरलेल्या दिवशी देण्याची सोय हवी; तो भार एकट्या खासगी डॉक्टरवर टाकता येणार नाही. इंजेक्शन दुखते, हेही खरे. पोर रडते, शाळा बुडते, बापाची मजुरी बुडते. दहा वर्षे दर एकवीस दिवसांनी हे सांभाळणे म्हणजे काय, हे शहरात बसून समजत नाही.

२०१८ साली जागतिक आरोग्य सभेने रुमॅटिक हृदयरोगावर ठराव केला आणि सर्व देशांनी पेनिसिलीनचा अखंड पुरवठा आणि रोग्यांची नोंदवही ठेवावी असे सांगितले. क्षयरोगाची नोंदवही आपण ठेवतो, रोग्याने औषध चुकवले तर कार्यकर्ता त्याच्या दारात जातो. झडपेच्या रोग्याला तसा कुणी नाही. प्रत्येक जिल्ह्यात अशा मुलांची यादी असावी, इंजेक्शन चुकले की फोन जावा, हे अवघड काम नाही. आपल्या आरोग्यखात्याने हे करावे, असे मी या व्यासपीठावरून मागतो.

आणि तुमच्याकडे माझे मागणे लहान आहे. घरात दहा किंवा सोळा वर्षांचे मूल असेल तर त्याची टीडी झाली का ते आज घरी गेल्यावर लसीच्या कार्डावर पाहा. नसेल तर सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. मुलाचा घसा दुखून ताप असेल आणि सर्दी-खोकला नसेल, तर मेडिकलमधून गोळ्या आणू नका, डॉक्टरला घसा दाखवा आणि औषध दिलेच तर सांगितले तितके दिवस पुरे करा. ताप येऊन सांधे एकामागून एक सुजणाऱ्या मुलाला तेल लावून घरी ठेवू नका, त्याचे हृदय तपासून घ्या. शिक्षक इथे असतील, त्यांना सांगतो: तुमच्या वर्गातले एखादे मूल दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनसाठी सुट्टी मागत असेल, तर ती सुट्टी द्या, आणि ज्या महिन्यात ते मागायला आले नाही त्या महिन्यात तुम्ही विचारा.